हवालदारांचा उसना हिरा

घ्या मंडळी, एकदा मोकळ्या गळ्यानं हरीचं नाव घ्या! ... अहो, एवढंच? जेवण जड झालंय काय? कळलं मला. दुपारचं कीर्तन आहे. सप्ताहात संध्याकाळची सेवा थोर महाराजांची, काल्याचं कीर्तन त्याहून थोरांचं, आणि पुरणपोळीनंतर तीन वाजता — जेव्हा अर्धी मंडळी भिंतीला टेकलेली, उरलेली डुलक्या काढणारी — तेव्हा आमच्यासारख्यांना उभं करतात! म्हणजे आमच्यातसुद्धा पायऱ्या आहेत. मी कुठल्या पायरीवर आहे, ते तुमच्या जांभया सांगतायत!

म्हणून आजचा प्रश्न पायरीचाच. ऐका. माणूस पायरी चढतो, की पायरी माणसाला चढते? दारूसारखी! आणि दुसऱ्याच्या पायांनी चढून गेलो, तर वर पोचलेला तो कोण — मी, की तो दुसरा?

उत्तर द्यायची घाई करू नका. आधी गोष्ट ऐका.

खटाव तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तिथं मला बोलावणार नाहीत. त्या गावात हवालदार केरबा निकम. फौजेत चोवीस वर्षं काढून आलेले. मिशा अशा, की त्यांच्यावर लिंबू ठेवावं! घरी सून — रेश्मा. शिकलेली पोर. गावात दाखले काढून द्यायचं केंद्र चालवते. मुलगा पुण्याला कारखान्यात, शनिवारी येतो. म्हणजे घरात इनमिन दोन माणसं — सासरा आणि सून.

एके दिवशी दुपारी सून जेवून फोन घेऊन बसलेली. फोनमधून आवाज — धाड धाड धाड!

हवालदार दचकले. "काय गं? कुठं लढाई लागली?"

"नाही आबा. गेम आहे. बंदुकीचा. पाच जण इकडून, पाच जण तिकडून, सगळे आपापल्या घरून खेळतात."

"बंदुकीचा? अन् घरात हवालदार असताना मला विचारलं नाहीस? आण इकडं!"

तिनं त्यांच्या फोनवर त्यांच्या नावानं खातं उघडून दिलं. आता मंडळी, हा खेळ फार हुशार. लगेच पायरी देत नाही. म्हणतो, आधी दहा डाव खेळा, मला तुमची ओळख होऊ द्या, मग ठरवतो — तांबं, चांदी, सोनं, की हिरा. बिल्लाच लावतो नावापुढं!

हवालदार खेळायला बसले. पहिला डाव. गवतात पालथे पडले. एक मिनिट गेलं, दोन गेली. चौघे साथीदार मेले! सून म्हणाली, "आबा, समोर शत्रू आहे! मारा की!"

"गप. फायरचा हुकूम आलेला नाही."

हुकूम कोण देणार? तोवर शत्रू येऊन ह्यांनाच मारून गेला! दुसऱ्या डावात दरवाजाशी उभे राहिले. समोरून माणूस आला, तर फोनमध्ये तोंड घालून ओरडतात, "थम! कौन आता है?" आता तो काय सांगणार, मी अमुक गावचा तमुक म्हणून? त्यानं सांगितलं — गोळीनं सांगितलं!

दहा डाव झाले. दहाच्या दहा हरले. आणि यंत्रानं बिल्ला दिला — तांबं. त्यातही शेवटचं तांबं. त्याच्याखाली फक्त जमीन!

हवालदारांच्या मिशा थरथरल्या. "हे यंत्र नासकं आहे! रेजिमेंटमध्ये नेमबाजीत माझं नाव होतं. एका डावात दोघांना मारलं की मी!"

सून म्हणाली, "आबा, किती मारले ते हे फारसं बघत नाही. जिंकलात की हरलात, आणि कुणापुढं — ते बघतं."

"म्हणजे?"

"तुम्ही कुस्त्यांच्या फडात जोडी लावता ना? तसं. तुल्यबळ पैलवानाला पाडलं, थोडं वर. आपल्यापेक्षा दांडग्याला पाडलं, खूप वर. लिंबूटिंबूला पाडलं तर काहीच नाही. पण लिंबूटिंबूनं तुम्हाला पाडलं — तर धपकन खाली! अन् नव्या माणसाची यंत्राला खात्री नसते, म्हणून सुरुवातीला मोठमोठ्या उड्या. खात्री पटली, की मग बोट बोट सरकायचं."

वा! काय सांगितलं पोरीनं! मंडळी, आणखी एक आहे. बिल्ला दिसतो तो जगाला. पण त्यामागं यंत्राकडं एक गुपचूप आकडा असतो, तो खेळणाऱ्यालाही दिसत नाही. आणि जोडी लावताना यंत्र त्या आकड्याकडं बघतं! मागच्या रांगेतले हसतायत. म्हणजे तुम्ही खेळता! बघा, पकडले गेले.

आता तांबं मिळालं म्हणून काय बिघडलं? घरात ठेवायचं होतं. पण दुपारी पारावर बसायची सवय. आणि पारावर कोण? पोपटतात्या माने, एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्यांनाही त्यांच्या भाच्यानं हाच खेळ लावलेला. तात्यांनी फोन पुढं केला —

"हवालदार, बघा. चांदी."

कंडक्टरला चांदी! हवालदार उसळले. "तुम्ही? तुम्ही जन्मात कधी बंदूक तरी धरली का?"

"नाही. पण साठ माणसांच्या गाडीत बिनतिकीट कोण बसलाय, हे मी मागच्या दारातून ओळखायचो. झुडपामागं लपलेला माणूस काय, तसाच अंग चोरून बसतो. तुमचं काय आलं?"

मंडळी, हीच ती वेळ! इथं माणूस खरं बोलला, की गोष्ट संपली. मीही घरी गेलो असतो. पण पार भरलेला. सगळे बघतायत. आणि हवालदारांच्या तोंडून निघून गेलं —

"माझा? हिरा!"

"दाखवा की!"

"फोन घरी आहे. पुढच्या सोमवारी दाखवतो."

गेले घरी. सूनबाईपुढं उभे. आयुष्यात कधी कुणापुढं मान खाली न घातलेला माणूस चौकटीत उभा राहून पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरतोय! "रेश्मा... तुझा बिल्ला कोणता गं?"

"हिरा, आबा."

खरंच हिरा! दोन वर्षं खेळून मिळवलेला. आणि गावात कुणाला पत्ता नाही. तिनं सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.

"मग आठ दिवस माझ्या खात्यावरून तू खेळ."

"आबा, हे खोटं आहे. कंपनीच्या नियमात बसत नाही."

"निकमांच्या अब्रूचा प्रश्न आहे, पोरी!"

काय करणार? सासरा आहे. पण तीही निकमांचीच सून! म्हणाली, "ठीक. मग माझी दुपारची कामं कुणी करायची?"

आणि मंडळी, आठ दिवस हवालदार केरबा निकम ओट्याशी उभे! लसूण सोलला, भांडी घासली. घासली कशी? रायफलीचे भाग पुसावेत तशी! वाट्या एका रांगेत, पेले एका रांगेत, पळी सावधान, झारा विश्राम! आणि बाहेरच्या खोलीत धाड धाड धाड — सून त्यांना वर चढवतेय. यंत्राला वाटलं, अरे, हा म्हातारा एकदम शहाणा झाला की! लागोपाठ जिंकतोय, दांडग्यांना पाडतोय. चढवला! चांदी, सोनं — सोमवारी सकाळी हिरा!

पारावर फोन फिरला. तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हिराच! हवालदारांनी मिशीला पीळ दिला.

आणि इथंच जाळं पडलं. जत्रा आली. जत्रा कमिटीनं ह्या वर्षी कुस्त्यांबरोबर ह्या खेळाचीही स्पर्धा ठेवलेली, पाच गावांची, शाळेच्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर. कमिटीचे अध्यक्ष घरी आले. "हवालदार, गावात हिरा एकच. कॅप्टन तुम्ही!"

आता सांगा, नाही कसं म्हणायचं? हवालदारांनी ठरवलं — सराव करू. स्वतःच्या हातानं. होईल काही.

रेश्मा केंद्रावर गेलेली. सकाळी अकरा वाजता हवालदारांनी खेळ उघडला. आणि यंत्रानं काय केलं? यंत्राला काय ठाऊक, लसूण कुणी सोलला आणि गोळ्या कुणी झाडल्या? ते म्हणालं, हिरा आलाय, त्याला हिऱ्यांची जोड द्या! पुढं उभे केले पाच मुरलेले गडी. डाव सुरू झाला — चार सेकंदांत हवालदार आडवे! पुन्हा उठले, पुन्हा आडवे. शेवटी गेले आपल्या जुन्या जागी, दरवाजात.

तेवढ्यात कानात आवाज आला. साथीदारांतली एक मुलगी. ह्यांचं "अगं आई गं" ऐकून तिला कळलं, मराठी माणूस आहे.

"काका, तुम्ही हिरा आहात ना? मग दरवाजात उभे राहून काय करताय?"

"पहारा देतोय."

"पहारा? काका, पुढं या! इथं मी एकटी उरलेय!"

हवालदार पुढं गेले आणि तिच्याच वाटेत आडवे आले. तीही मेली. डाव हरला.

ती म्हणाली — ओरडली नाही बरं का, ओरडली असती तर परवडलं असतं — "काका, मी नांदेडची. नर्सिंगला आहे. रोज ड्यूटीवरून आल्यावर एक तास खेळते. तीन महिने झाले. हा डाव जिंकला असता, तर मला पहिल्यांदा हिरा मिळाला असता. आता परत मागं गेले. तुम्ही आजारी आहात का? तसं असेल तर राहू द्या. पण तुमचा बिल्ला बघून मला वाटलं, आज आपलं जमणार."

आजारी आहात का! मंडळी, चोवीस वर्षं बर्फात, वाळवंटात उभा राहिलेला माणूस. त्याला गोळी लागली नाही. पण हे लागलं! फौजेत पहिल्या दिवशी काय शिकवतात? तुझ्या चुकीनं शेजारचा मरतो. आणि हे विसरले. हवालदार एवढंच म्हणाले, "बाळ, आजारी नाही. खोटा आहे." आणि फोन पालथा ठेवला.

रेश्मा घरी आली, तर आबा जेवलेले नाहीत. म्हणाले, "मला खाली उतरव. परत तांब्यात. मुद्दाम हर."

"मुद्दाम हरले, की माझे चार साथीदार हरतात आबा. अन् तुम्ही खेळून हरलात, तरी तुमचे चौघे बुडणार. तेही पापच."

बघा! खोटं चढलं की सरळ उतरताही येत नाही! मग उपाय एकच. हवालदारांनी कंपनीला पत्र लिहवून घेतलं, फौजी थाटात. "महोदय, माझ्या नावापुढील हिरा माझा नाही. सदर हिरा माझ्या सुनेनं माझ्या हुकमावरून मिळवला. ती निर्दोष आहे. शिक्षा मला द्यावी. हजर, हवालदार केरबा निकम." आणि त्याखाली रेश्मानं न सांगता एक ओळ घातली — "खेळले मी, चूक माझीही."

उत्तर आलं. हवालदारांना तीस दिवस खेळबंदी, बिल्ला जप्त, मागचा गुपचूप आकडाही पुसलेला. रेश्माला ताकीद.

दुपारी हवालदार पारावर गेले. बसले नाहीत. उभे राहूनच म्हणाले, "ऐका. हिरा माझा नव्हता. माझं तांबं आहे. शेवटचं. हिरा माझ्या सुनेचा, आधीपासूनचा."

हवालदारांना वाटलं, आता हसणार, आता टाळ्या पिटणार! सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्या उठले. म्हणाले, "हवालदार, तेहतीस वर्षं तिकिटं फाडली. बिनतिकीट माणूस मी उतरवलाय, तपासनिसानं उतरवलाय. स्वतः होऊन घंटी मारून उतरलेला पहिला माणूस आज बघतोय. बसा, चहा सांगतो."

पण अध्यक्षांचा चेहरा उतरला. "मग कॅप्टन कोण?"

"रेश्मा."

"सूनबाई? जत्रेत? पाच गावांसमोर?"

हवालदार म्हणाले, "अध्यक्ष, तिच्या आठ दिवसांच्या मेहनतीवर मी मिरवलो, तेव्हा गावाला चाललं. आता तिनं स्वतः मिरवलं तर चालणार नाही?"

अध्यक्षांनी यादीतलं नाव खोडून सूनबाईचं लिहिलं. तुम्ही दुसरं काही लिहिलं असतं का? नाही ना!

जत्रेत रेश्मा कॅप्टन. पोपटतात्या संघात, लपलेले शोधायला. चार गावांशी डाव झाले — तीन जिंकले, एक हरला. गाव दुसरं आलं. पहिलं नाही आलं मंडळी, मी खोटं सांगणार नाही. हवालदार खाली प्रेक्षकांत बसून ओरडत होते, "शाब्बास निकम!" आणि त्या दिवशी गावाला पहिल्यांदा कळलं, की निकम म्हणजे कोण.

बंदी संपली. हवालदारांनी पुन्हा दहा डाव खेळले. एक जिंकले! पुन्हा तांबं. पण आता समोर त्यांच्यासारखेच — बोटं न वळणारे, चष्मा शोधणारे. तिथं जमतंय. कधी हरतात, कधी जिंकतात, आणि जिंकले की शेजारच्या आळीपर्यंत ऐकू जातं!

आता मी तुमच्याकडं वळतो. नाही, मागं बघू नका, तुमच्याचकडं! तांबं असणं ही लाज नाही. तांब्यात आपल्या जोडीचा गडी मिळतो आणि त्याच्याशी झटूनच हात तयार होतो. लाज कशाची? दुसऱ्यानं मिळवलेला बिल्ला आपल्या छातीवर लावण्याची. मुलाचा प्रकल्प कुणी केला — बापानं! हळदीकुंकवात वाखाणलेले लाडू कुणी वळले — जावेनं! आणि टाळ्या कुणी घेतल्या? वरच्या पायरीवर उसना उभा राहिलेला माणूस एकटा पडत नाही हो. त्याच्यावर भरवसा ठेवलेल्या चौघांना घेऊन पडतो. डॉक्टर उसना असेल तर रोगी पडतो, मास्तर उसना असेल तर वर्ग पडतो, आणि बुवा उसना असेल — तर तुम्ही झोपता!

तेव्हा आज घरी गेल्यावर एकच करा. आपल्या नावावर असलेलं, पण दुसऱ्याच्या हातानं झालेलं एक तरी काम आठवा. आणि त्या माणसाचं नाव चारचौघांत घ्या. देवाचं नाव तुम्ही रोज घेता, त्याला सवय आहे. ह्या माणसाचं नाव आजवर कुणी घेतलं नसेल.

आता उठा, पेटी धरा, मृदंग धरा, आणि ज्याच्या दारी सगळ्या पायऱ्या सारख्याच, त्या हरीचा गजर करा — पण ह्या वेळी स्वतःच्या गळ्यानं!