कांताच्या नावाचे अकरा डब्बे

...नाई, मले एक सांगा, लाडू खाल्ले ते बरंच केलं, खाण्यासाठीच पाठवले होते, पण डब्बा? डब्बा ठेवून घेते काय कोणी? तुमाले सांगतो, आमच्या इकडं शेजारीण वाटीभर कढी देऊन गेली, तर त्या वाटीत निदान चार बोरं टाकूनच वाटी परत जाते. भांडं कोणी रिकामं परत देते काय? अन् इथी तर भांडंच गायब...

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाईतर तुमी म्हणान मुखरूभाऊचं डोकं फिरलं. बावीस वर्षं ऊर्जानगरच्या वीजकेंद्रातल्या कँटीनमध्ये आचारी होतो मी. रोजची चारशे माणसं. एक म्हणे, मुखरूभाऊ, मीठ जास्त झालं. बाजूचा म्हणे, मुखरूभाऊ, मीठ कमी आहे. एकाच भाजीले, एकाच टेबलावर! लय राग ये मले. मग ठेकेदार बदलला, नवा आपली माणसं घेऊन आला, अन् मी घरी. घरी कोण? कांता, माही बायको, दोन वर्षं झाले जाऊन. पोरगी रोशनी पुण्याले नोकरीवर. आता भाजी मीच करतो, मीच खातो, अन् मिठाचं सांगाले कोणी नाई.

रोशनी म्हणे, बाबा, मोहाच्या फुलांचे लाडू ऑनलाइन विका. फोटो, पत्ता, भाव, सगळं तिनंच तिकडून लावून देलं, अन् आल्या की ऑर्डरी! आता पाठवाचं कशात? ती म्हणे खोक्यात. खोक्यात? लाडू काय चपला आहेत? फळीवर कांताचे रुखवतातले डब्बे होते, स्टीलचे, अकरा, झाकणावर तिचं नाव कोरलेलं. तेच काढले. म्हटलं, डब्बा जाईन, डब्बा येईन, येताना कोल्हापूरचा गूळ घेऊन येईन, नाशिकचा चिवडा घेऊन येईन... काई नाई तर एखादी चिठ्ठी. भांडं कोणी रिकामं परत देते काय?

अकराही गेले. मी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसलो. पार्सलवाला सोमाजी रोज लांबूनच हात हलवे... काई नाई. फोन येत, नाई असं नाई. एक जण विचारे, "काका, यानं नशा होते का?" नाई म्हटलं. "मग राहू द्या." पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "काका, डबा काय सुंदर हो! मी त्यात सुया-दोरे ठेवलेत." अन् लाडू? "हो, तेही बरे होते." मी म्हटलं, ताई, झाकणावर नाव आहे पाहा. "हो ना, कांता! तुमचा ब्रँड का?"

आता काय सांगाचं? हो म्हटलं.

रोशनीले सांगितलं, तर ती म्हणे, "बाबा, विकलेलं परत येत नाई. आईचे डब्बे काऊन देले?"

अन् मागच्या महिन्यात एका सोमवारी सोमाजी ओरडतच आला, भाऊ, डब्बा आला! हातात घेतला तर जड... भरलेला! त्याले बसवलं, चहा ठेवला, म्हटलं, पाह्य, आहेत अजून चांगली माणसं. उघडलं. माहेच लाडू. डब्ब्याच्या बुडाले पार्सल कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली, 'घरी कोणी नाही'. मागितली होती ना चिठ्ठी, आली.

सोमाजीनं एक लाडू खाल्ला अन् म्हणे, "भाऊ, गूळ थोडा कमी आहे." खरं सांगतो, डोळे भरून आले. किती दिवसांनी कोणी नावं ठेवली! म्हटलं, ने हा डब्बा घरी, बायकोले दे, ती काय म्हणते ते सांग. सोमाजी म्हणे, भाऊ, रिकामा नाई आणणार, लोणचं भरून आणतो.

दुसऱ्या दिवशी फाटकात दुसराच पार्सलवाला. सोमाजीले म्हणे वरोऱ्याकडचा रूट देला.

बसलो आहो मी फाटकाजवळच. आज महिना होऊन राह्यला... पण भांडं कोणी रिकामं परत देते काय? लोणचं मुरत असन.