दुकानाच्या दिवशीची गोळी

हॅलो?... हं वहिनी, बोल. नाही गं, भट्टी आत्ताच लावलीय, पाव व्हायला वेळ आहे...

अगं हळू बोल. कुठे सापडल्या गोळ्या?... दुकानात? वस्तऱ्यांच्या खणात?... त्याच आहेत का नीट बघ, प्रेशरच्या असतील... हो, हो, किडनी बदलल्यापासूनच्या. शरीराने माझी किडनी नाकारू नये म्हणूनच्या. अरे देवा.

दादाच लपवतो? का पण?... हात थरथरतात ते माहितेय गं, चहा सांडताना पाहिलंय मी... म्हणजे दुकान असेल त्या सकाळी गोळी घ्यायचीच नाही? रात्रीची तेवढी गिळायची? डोकं गहाण टाकलंय का त्याने?

काय?... वस्तरा लागला? कोणाचा कान?... मास्तरांचा. खोल नाही ना?... काहीच बोलले नाहीत? पैसे ठेवून गेले?... हं. दादाला तेच लागलं असणार.

नको, नको, वहिनी, ऐक ना. राहिलेल्या एकदम नको देऊस. एकही जास्तीची नको. हातातल्या खाली ठेव आधी... ठेवल्यास?... अगं, थरथर त्या गोळीनेच येते. डॉक्टर मला ऑपरेशनआधीच म्हणाले होते. रक्तात औषध जास्त झालं की हात कापतात, झोप उडते, डोकं ठणकतं. रक्त तपासून ते डोस बदलतात. पण ते त्यांनी ठरवायचं ना, याने परस्पर नाही...

त्याला दे फोन... नाही बोलत? मग कानाला लाव त्याच्या.

दादा... नाही, चिडले नाहीये. बरं, चिडलेय... हो, हातावरच पोट आहे तुझं, कळतं मला... हो रे... ऐक ना. किडनी मी दुकानाला नाही दिली, तुला दिली. ही गेली तर माझ्याकडे दुसरी नाहीये द्यायला. भीती वाटते मला, दादा...

हं... हं... रड. ऐकतेय मी.

दोघं निघा, दवाखान्यातच भेटते. वहिनीला म्हणावं, निघताना डॉक्टरांना फोन कर, गोळ्या चुकल्यात ते सांग... गिऱ्हाईक? उद्या ये म्हण त्याला... शटर ओढलंस?... मग लाव कुलूप...

का? काय झालं?... चावी जात नाही?... सावकाश... नाहीच जात?... अरे, वहिनी उभी आहे ना बाजूला, तिच्याकडे दे... तूच लावतोस रोज, माहितेय मला. आजच्या दिवस दे... दादा?...

दिलीस?... बरं. निघा आता.