शांत खोली

साकोलीच्या स्टँडवर भंडाऱ्याची गाडी यायची होती. माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या: मांडीवर शिवलेल्या ब्लाउजांची थैली घेतलेली कामिनी आणि तिची मावशी.

"काय वो कामिनी, जावयानं झोपायची खोली नवी केली म्हणते?"

"केली ना मावशी, मोबाईलवर पाहून. फिका हिरवा रंग, जाड पडदे. म्हणे, खोली शांत असली का माणसाले झोप लागते."

"मंग चांगलंच झालं."

"काय चांगलं? पयले माझी शिलाई मशीन बाहेर काढली. डोळ्याले खुपते म्हणे. मंग पोरीचं टेबल काढलं, पुस्तकाईचा पसारा दिसते म्हणे. मंग माझं कपाट."

"आता आत रायलं काय?"

"पलंग, अन् एक प्लास्टिकचं झाड."

"अन् तू?"

"मले घोरायची सवय हाय म्हणे. म्हणून मीबी बाहेर."

"अगं बाई! पंधरा वर्षांनं आयकू आलं त्याले?"

"मंग काय, समोरच्या खोलीत मशीनपाशी गादी टाकली, पोरीले बाजूले घेतलं. मावशी, लग्न झाल्यापासून अशी झोप लागली नोती मले."

"अन् तो?"

"चौथ्या दिवशी उशी घेऊन दारात उभे. म्हणे, आत चाल, एकट्याले झोपच नाई येऊन राहिली."

"गेली का मंग?"

"कायले? म्हटलं, इथं आवाज करू नका, पोरगी झोपली हाय."