अकरा जणांचा एक इसीजी

(फुटबॉल क्लबचं ऑफिस. टेबलावर एक फाइल, एक छापील कागद, टोपण काढून ठेवलेलं पेन. मॅनेजर पाठमोरा, काय बोलायचं त्याची तालीम करतोय; दारात विंगर आणि त्याची मोठी बहीण.)

मॅनेजर : तर तू यापुढे फुटबॉल खेळणार नाहीस. या जन्मात नाही. बरं, हे मी बोललोच नाही. या, बसा. कधी आलात?

विंगर : पंधरा मिनिटं झाली, सर.

मॅनेजर : असं का? पाणी घेणार?

ताई : नको. माझा भाऊ मंगळवारी सरावात पळताना तिसऱ्या फेरीला मैदानावर आडवा झाला, तेव्हा तुम्ही पाणीच मारलंत. तेवढं पुरे झालं.

मॅनेजर : उन्हाने होतं हो तसं.

ताई : सकाळी साडेसहाला?

मॅनेजर : कोवळं ऊन जास्त बाधतं.

विंगर : डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड झालाय. पळायचं नाही. जिना चढतानाही मध्ये थांबायचं. मी डावा विंगर आहे, सर. मला थांबायला कुणी शिकवलंच नाही.

मॅनेजर : वाईट वाटतं रे. एकोणीस वर्षांचं पोरगं, पुढच्या महिन्यात मोठ्या क्लबात जाणार होतं. म्हणून तर हा कागद तयार केलाय. "वैयक्तिक कारणास्तव संघ सोडत आहे." इथे सही कर.

ताई : वैयक्तिक?

मॅनेजर : हृदय त्याचंच आहे ना?

ताई : त्याचंच आहे. तुमच्या फायलीत मात्र भलत्याचंच आहे. डॉक्टरांनी क्लबचा जुना इसीजी मागितला, तुम्ही दिलात. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला, परत बघितलं. म्हणाले, दहा महिन्यांत माणूस एवढा बदलत नाही, हा याचा नाहीच. मग कुणाचा आहे?

मॅनेजर : संघाचा.

ताई : संघाचा म्हणजे?

मॅनेजर : म्हणजे... सामुदायिक.

विंगर : घोड्याचा आहे, ताई. आमचा गोलकीपर. त्याचं बोट मोडलं होतं, सराव बंद होता, म्हणून मोकळाच होता. सरांनी त्यालाच पाठवला. सगळ्यांच्या नावावर.

ताई : सगळ्यांच्या?

विंगर : अकरा वेळा आत गेला, अकरा वेळा बाहेर आला. शेवटी शेवटी तर त्याला तिथेच झोप लागली. माझा नंबर अकरावा. म्हणून माझा इसीजी एवढा शांत आलाय.

ताई : आणि तिथल्या माणसाने काही विचारलं नाही?

विंगर : विचारलं. तुम्ही सगळे भाऊ का, म्हणून. घोडा हो म्हणाला.

मॅनेजर : बाई, परिस्थिती समजून घ्या. दवाखाना दूर, त्याची वेळ नेमकी आमच्या सरावाची, आणि तेव्हा चार दिवसांवर गेल्या मोसमाचा अंतिम सामना होता. अकरा पोरांची सकाळ वाया घालवायची, का एकाची?

ताई : सकाळ! सकाळ वाचवली यांनी! आणि तू... थांब. तुला हे सगळं आधीच माहीत होतं?

विंगर : हो.

ताई : आणि गप्प बसलास?

विंगर : गप्प कुठे? टाळ्या वाजवल्या. त्या सकाळी मी दोन गोल मारले, ताई.

ताई : एक ठेवून देईन! इसीजीबरोबर जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यावर एक रकाना असतो, ठाऊक आहे? घरात कुणाला हृदयाचा आजार होता का? काय लिहिलंय तिथे? वाचा, साहेब. फाइल तुमच्याच हाताखाली आहे.

मॅनेजर : "नाही." अकराही फॉर्मांवर "नाही." अक्षरही सुवाच्य आहे.

ताई : बरोबर आहे. घोड्याचे बाबा ठणठणीत असतील. आमचे बाबा चौतिसाव्या वर्षी बुटाची नाडी बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत. हा चार वर्षांचा होता. दुसरा बूट त्याच्या हातात होता. एवढं एक वाक्य याने तिथे लिहिलं असतं, तर त्याच दिवशी कुणीतरी दचकलं असतं!

विंगर : मी लिहिलं असतं गं. विचारलं असतं तर.

ताई : बाकीच्या नऊ पोरांना उद्या तपासायला न्या. खरोखरचं. एकेकाला.

मॅनेजर : रविवारी उपांत्य सामना आहे.

ताई : म्हणूनच.

मॅनेजर : आणि त्यांच्यात अजून कुणाला काही निघालं तर?

ताई : तेच तर विचारतेय मी!

मॅनेजर : मीही तेच विचारतोय. मग खेळणार कोण?

विंगर : सर, खिडकी उघडता का?

मॅनेजर : का रे? गुदमरतंय?

विंगर : नाही. नीट दिसावं म्हणून. मी खाली जातो आणि मैदानाला फेऱ्या मारतो. परवा तीन झाल्या होत्या. आज किती होतात बघू. मी पडलो की कागदावर वेळ टाका. कारण आहेच छापलेलं, वैयक्तिक.

ताई : बस खाली!

विंगर : ताई, हात सोड.

ताई : आधी बस. मी आईला काय सांगू? बस म्हणते ना!

विंगर : यांनी फोन उचलला की बसतो. तिकडे मधल्या फळीतला बुटका रोज सराव संपला की छाती चोळतो. आम्ही त्याला म्हातारा म्हणून चिडवतो. सर, तुम्हीही चिडवता.

मॅनेजर : जाण्याआधी सही तेवढी कर.

विंगर : निघालो मी.

मॅनेजर : थांब! थांब रे बाबा, लावतो. हॅलो? हो, क्लबमधून. उद्या सकाळी इसीजी काढायचेत. नऊ जण. नाही, नाही... या वेळी वेगवेगळे. हो, बुटका म्हणून आहे एक, त्याला पहिला घ्या. बरं. झालं? आता तरी बस.

विंगर : बसलो.

मॅनेजर : माझ्याच छातीत धडधडायला लागलंय.

ताई : गोलकीपरला पाठवा.

मॅनेजर : बाई, झालं ना तुमच्या मनासारखं? आता ती सही तेवढी...

विंगर : करतो. पण त्या कागदावर नाही. ताई, मागची बाजू कोरी आहे, तिथे लिही. मी सांगतो.

ताई : सांग.

विंगर : लिही. प्रति, ज्यांच्या अखत्यारीत असेल ते. विषय, परवानगी मिळणेबाबत.

ताई : कसली परवानगी?

विंगर : तू लिही गं. महोदय, अर्जदार वय वर्षे एकोणीस, डावा विंगर. अर्जदारास सर्व वैद्यकीय सूचना मान्य आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. खोड, तक्रार आहे. पण ती वेगळ्या कागदावर देईन.

ताई : पुढे?

विंगर : तरी रविवारी सामना सुरू होण्याआधी, मैदान मोकळं असताना, अर्जदारास मधल्या रेषेपासून कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत एकदाच जोरात पळू द्यावे, आणि तेवढ्या वेळापुरते त्याचे हृदय पूर्ववत करून मिळावे, ही नम्र विनंती.