आमची टाकी खाकरते

…नाही, माशांबद्दल माझी काही तक्रार नाही. मासे बिचारे गुणी आहेत, उलट उत्तर देत नाहीत, पसारा करत नाहीत, आंघोळ कर म्हणून मागे लागावं लागत नाही! माझी तक्रार आहे ती टाकीबद्दल. तुम्हाला सांगते, आमची टाकी खाकरते. हसा, हसा. मीही हसले असते. अहो, मी शिकलेली बाई आहे, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, पण तुम्हीच सांगा, काचेच्या टाकीने भर दुपारी "ख्र्र्र… ख्हं!" असं खाकरावं का? आणि तेही हुबेहूब माझ्या सासऱ्यांसारखं?

टाकी त्यांचीच. म्हणजे आता माझी. ते गेले तेव्हा नवऱ्याने त्यांचं घड्याळ ठेवून घेतलं, सासूबाईंनी स्वेटर घेतला, आणि माझ्या वाट्याला काय आलं? चार फूट लांब टाकी, तिच्यात उगवलेलं अख्खं रान, आणि रानात हिंडणारे मासे! "तूच बघ गं, तुझा हात हलका आहे," असं सासूबाई म्हणाल्या. हात हलका! माझ्या हातून खिडकीतला निवडुंग मेलाय हो, निवडुंग! ज्याला मरायलासुद्धा मेहनत लागते!

आणि हे पाण्यातलं झाड म्हणजे काय प्रकार असतो, कल्पना आहे का तुम्हाला? नवीन रोप आणून लावलं की आठवडाभरात त्याची सगळी पानं विरघळतात. विरघळतात म्हणजे अक्षरशः पेज होते. आपण रडकुंडीला येतो, उपटून टाकणार तेवढ्यात कळतं की जुनी पानं अशीच जायची असतात, बाहेर वाढलेली असतात ना ती, त्यांना पाण्यातला जन्म झेपत नाही, मुळाशी नवीन येतात. मग शेवाळ. एक शेवाळ आपण विकत आणून दगडावर दोऱ्याने बांधायचं, दुसरं फुकट येऊन काचेवर बसतं. विकतचं मरतं. फुकटचं फोफावतं. मग लांब चिमटा, लांब कात्री, कोपरापर्यंत हात पाण्यात, एक फांदी कापली की शेजारचं रोप मुळासकट तरंगत वर, ते रोवायला गेलं की तिसरं वर… आणि दर आठवड्याला थोडं पाणी नळीने काढायचं. नळीत पाणी यायला आधी तोंडाने ओढावं लागतं, आणि वेळेवर तोंड बाजूला केलं नाही तर… जाऊ दे, तुम्ही आत्ता काही खात असाल.

तर सांगत काय होते? खाकरणं.

आमचे बाबा, म्हणजे सासरे हो, रागावले कधीच नाहीत माझ्यावर. एक शब्द नाही. पण खोलीत येण्याआधी दाराबाहेर उभं राहून खाकरायचे. सूचना म्हणून! सून बसलीय, कशी बसलीय कोण जाणे, तिने सावरून बसावं म्हणून. मी सोफ्यावर पाय पसरून पडलेली असायचे, बाहेर "ख्र्र्र… ख्हं!" झालं की पाय खाली, केस मागे, तोंडावर हसू, "आले हं बाबा, चहा ठेवते." सगळं एका दमात! लग्न झाल्यापासूनची सवय. आमच्या घरातलं अर्धं बोलणं त्या खाकरण्यावरच चालायचं. छोटं खाकरणं म्हणजे येतोय. लांबलचक म्हणजे चहाचं बघा. दोनदा म्हणजे पंखा चालू राहिलाय. शेवटी दवाखान्यात त्यांच्या घशात नळी होती, तेव्हा खाकरताच यायचं नाही त्यांना. मी बाहेरच्या बाकावर बसून कान लावून ऐकायचे… नुसतं मशीन वाजायचं.

आणि मग एक दिवस दुपारी मी सोफ्यावर पडलेय, घरात चिटपाखरू नाही, टाकीचा दिवा आपोआप लागला, त्यांनीच लावून ठेवलंय ना ते वेळेचं यंत्र, आणि मागून… "ख्र्र्र… ख्हं!"

पाय खाली. केस मागे. तोंडावर हसू. "आले हं बाबा!"

उठले, स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला, दोन कप काढले… आणि मग दुसऱ्या कपाकडे बघत उभी राहिले. मी शिकलेली बाई आहे हो. पण चहा दोन्ही कपांत ओतला.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "अगं, फिल्टरमध्ये हवा अडकते. पाणी खाली गेलं की गुरगुरतो तो. विज्ञान आहे ते." बरं, विज्ञान. टाकीच्या मागे लटकवलेला डबा असतो ना, पाणी ओढून गाळून परत सोडणारा, त्याचा आवाज. पटलं मला. पण मग मला एक सांगा, टाकी खाकरली की हा विज्ञानवाला माणूस टीव्हीचा आवाज कमी का करतो? मोबाईल उशीखाली का सरकवतो? "काही नाही गं, कंटाळा आला," म्हणे!

आणि सासूबाई? त्यांनी तर आपली खुर्चीच टाकीपाशी हलवली. भाजी निवडायची तर तिथे, औषध घ्यायचं तर तिथे. "ख्र्र्र… ख्हं!" झालं की त्या मान न उचलता म्हणायच्या, "घेतली हो गोळी. कशाला सारखं विचारता?"

तरीही मी म्हटलं, चालायचंच, मोठी माणसं आहेत, दुःखाची आपापली तऱ्हा असते. मी शिकलेली बाई आहे, मला समजतं. पण आमची चिमणी! चार वर्षांची माझी मुलगी, तिने एक दिवस बालवाडीत जायला नकार दिला. दप्तर पाठीवर, बूट पायात, दारात ठाण मांडून बसली. का? तर म्हणे, "मी गेले आणि आजोबा खाकरले तर 'हो' कोण म्हणेल?"

आई गं! त्या दिवशी रडत नेली, दुसऱ्या दिवशी उचलून नेली, तिसऱ्या दिवशी बाईंचाच फोन. बालवाडीच्या बाई फार गोड बोलतात, इतकं गोड की आपण काहीतरी भयंकर केलंय असं वाटायलाच लागतं. "अहो चिमणीची आई, घाबरू नका हं… आज मुलांना आपलं घर काढायला सांगितलं होतं… घरी सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, काय काढलं तिने? "आई काढलीय, बाबा काढलेत, आजी काढलीय… आणि आजोबांना एका पेटीत ठेवलंय, पाण्यात. त्यांच्या डोक्यावर झाडं उगवलीत. आणि तुम्ही सगळे त्यांना हात जोडून उभे आहात."

आता यावर काय बोलणार? "हो, आमच्याकडे असंच असतं" म्हणू?

झोप उडाली माझी. पोरीच्या मनावर परिणाम तर नाही ना झाला, आता ही मोठी होऊन पाण्याला घाबरेल, काचेला घाबरेल, म्हाताऱ्या माणसांना घाबरेल… मी इंटरनेटवर वाचलं, आणखी वाचलं, जितकं वाचलं तितकी पोर बरी आणि मीच आजारी असं वाटायला लागलं. एक वाटायचं, फिल्टर उघडावा, साफ करावा, आवाज जाईल, पोर शाळेत जाईल. आणि मग वाटायचं… आवाज जाईल! जाऊ द्यायचा? आपल्या हाताने?

पण टाकीनेच माझा निकाल लावला. एका सकाळी बघते तर सगळे मासे वर! पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडं लावून आ-आ करतायत, दमेकरी जमलेत जणू! आणि फिल्टरमधून पाणी कसं, तर बाळाच्या लाळेसारखी एक धार. आवाज मात्र चौपट. "ख्र्र्र-ख्र्र्र-ख्र्र्र… ख्हं!" मासेवाल्याला फोन केला. आमचा मासेवाला म्हणजे असा निराश माणूस की त्याच्याकडून गोगलगाय घ्यावी तरी तो आपलं सांत्वन करतो. "ताई, आतला पंखा गेला. नवा बसवा. नाहीतर नवे मासे घ्या. तसं काय, नवेपण जातातच." लगेच जाऊन पंखा घेऊन आले. बोटाएवढा असतो हो, चुंबकावर फिरणारा. आणून टाकीकडे वळते तर सासूबाई खुर्ची आडवी टाकून बसलेल्या!

"हात लावायचा नाही."

"आई, मासे मरतील हो."

"त्यांचा आवाज आहे तो."

"आई, फिल्टर आहे तो. त्यात घाण अडकलीय."

"चाळीस वर्षं मी तेच म्हणत होते, घशात काहीतरी अडकलंय, दाखवा कुणाला तरी," सासूबाई म्हणाल्या. आणि मग एकदम हळू आवाजात, "या घरात आता मला कोण खाकरतं गं?"

तुम्हाला सांगते, हातातला तो पंखा मला एकदम किलोभर जड झाला. मी शिकलेली बाई, पण याचं उत्तर कुठल्या यत्तेत शिकवतात? मी इकडे. त्या तिकडे. मधे टाकी खाकरतेय, मासे आ-आ करतायत…

तेवढ्यात चिमणी आली. टाकीपाशी गेली, काचेला नाक लावलं. "आजी, पट्टेवाला मासा बघ कसं करतोय. आजोबांचे मासे मेले तर आजोबा रागावतील."

"कुणावर रागावतील?" सासूबाईंनी विचारलं.

"तुझ्यावर. तू खुर्ची मधे ठेवलीस ना."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग टाकीकडे. आणि उठल्या. स्वतः वाकून बटण बंद केलं.

काय शांतता पसरली म्हणून सांगू! फ्रीजचा आवाज यायला लागला, रस्त्यावरचं कुत्रं ऐकू यायला लागलं. मला वाटलं, आता. आता पोरीला खरं सांगायची वेळ. खाली बसले, तिचे हात हातात घेतले, सगळं वाचून ठेवलेलं होतं मी, साध्या शब्दांत सांगावं, खोटं बोलू नये, डोळ्यांत बघावं… "चिमणी, हे बघ बाळा, आजोबा या टाकीत नाहीत. तो फिल्टर आहे. आजोबा गेले, ते आता परत…"

"मला माहितीये," चिमणी म्हणाली.

"काय माहितीये?"

"तो फिल्टर आहे. बाबांनी सांगितलं. पण तो खाकरला की तूच 'आले हं बाबा' म्हणतेस. मग तू आंघोळीला गेलीस की मी म्हणते. कुणी हो म्हटलं नाही तर तू बाहेर येऊन रडतेस."

हे घ्या! म्हणजे मी हिच्या मनावर परिणाम शोधतेय, आणि ही माझी काळजी घेत घरी बसलीय! सासूबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, खांदे हलत होते. हसत होत्या की काय करत होत्या, विचारायची हिंमत झाली नाही माझी.

मग उघडला फिल्टर. काय काय निघालं त्यातून! काळा गाळ, झाडांची मुळं, ते विकतचं शेवाळ, जे मेलं म्हणून मी हळहळले होते ते अख्खं पंख्याला गुंडाळून बसलेलं! स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळला, नळाखाली नाही, बाबा म्हणायचे नळाचं पाणी लागलं की त्यातले चांगले जंतू मरतात. सासूबाई बादली धरून उभ्या, चिमणी फडकं धरून. नवा पंखा बसवला, झाकण लावलं. तिघींनी एकमेकींकडे बघितलं. "करू चालू?" म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "कर. माशांनी काय घोडं मारलंय."

बटण दाबलं. पाण्याची ही जाड धार! मासे सर्रकन खाली, झाडं अशी डुलायला लागली जसा वारा सुटलाय. आणि खाकरणं बंद. गेलं. पूर्ण गेलं… सासूबाईंनी सुस्कारा टाकला, खुर्चीवर बसल्या, आयुष्यात पहिल्यांदा, देवाशपथ सांगते, पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या.

आणि टाकी म्हणाली, "च्च."

आम्ही थबकलो.

"च्च… च्च… च्च."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पाय खाली. केस मागे. ताठ! "अगं बाई," त्या कुजबुजल्या, "या इथे कशा?"

"कोण, आई?"

"माझ्या सासूबाई!"

तेव्हापासून हे असं आहे. चिमणी बालवाडीत जाते, मजेत जाते. बाईंनी पुन्हा चित्र काढायला सांगितलं तर म्हणे फक्त हत्ती काढला. घरात मात्र आम्ही दोघी सुना टाकीसमोर ताठ बसलेल्या असतो. भाजीचा देठ जाड राहिला, "च्च." दूध उतू गेलं, "च्च." सासूबाईंना सत्तराव्या वर्षी पुन्हा सासुरवास! परवा मला म्हणाल्या, "हे होते ते बरे होते गं, नुसते खाकरायचे तरी."

नवरा म्हणतो, "अगं, पंखा नीट बसला नाहीये, जरा उघडून पुन्हा बसव." विज्ञान! मलाही माहितीये ना, मी शिकलेली बाई आहे. पण उघडू? वेडी आहे का मी? या गेल्या की यांच्या सासूबाई यायच्या!

मासे? मासे मजेत आहेत हो. त्यांना कुठे सासर आहे!