सावंतची लाठी

नाटक पिक्चरला द्यायचं म्हणतोस ना? मग आधी आमच्या सावंतचं ऐक.

गिरणी संपावर मी नाटक लिहिलं होतं, सगळं क्रांतीचं. घाटकोपरला त्याचे प्रयोग व्हायचे. कामगारांचा पुढारी करायचा सावंत. संपात त्याची स्वतःची नोकरी गेलेली, त्यामुळे भाषण असं करायचा की लोक उठून उभे राहायचे. पुढे एका निर्मात्याने त्या नाटकावर हिंदी पिक्चर काढला. पुढारी अर्थातच हिरोने केला. सावंतला मिळालं हवालदाराचं काम.

अंधेरीच्या स्टुडिओत लाठीमाराचा सीन होता. गर्दी म्हणून सावंतच्याच गिरणीतले, त्याच्याच खात्यातले बेकार कामगार आणलेले. लाठी उचलली की त्याचा हात वरच थांबायचा.

दिग्दर्शक ओरडला, "अरे मारो ना यार! पुलिस हो तुम!"

मी म्हटलं, "सावंत, राहू दे रे. चल घरी."

तेवढ्यात समोर गर्दीत उभा असलेला त्याचा गिरणीतला जोडीदार परब हळूच म्हणाला, "मार रे मेल्या. नायतर उद्या आमका कोण बोलवूचो नाय."

सावंतने मारलं. खरंच मारलं. परब मटकन खाली बसला.

"झकास! ओके!" दिग्दर्शक म्हणाला.

पिक्चर लागला तेव्हा पुढाऱ्याचं भाषण कापलेलं होतं. आमच्या नाटकातला एकटा सावंत पडद्यावर दिसला, परबला मारताना.