मका कुणाचा? माझा!

...आणि वर मलाच म्हणतो, "आजी, जरा हळू बोला, मासे बिचकतात!" मला! एटेल्काला! अरे मेल्या, तुझी आई जन्मली नव्हती तेव्हापासून मी या तळ्यावर मासे धरतेय, आणि तू माझ्याच जागेवर तंबू ठोकून मला हळू बोलायला शिकवतोस? तुम्हाला सांगते, आठ दिवस... आठ दिवस मी त्या लव्हाळ्यापाशी मका टाकत होते. शिजवून! बडीशेप घालून! घरात मी शिळापाका पाव चावायचा आणि माशांना गरमगरम! का? तर माशाला एकदा तिथं जेवायची सवय लागली की नवव्या दिवशी गळ टाकायचा, आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. नवव्या दिवशी जाते तर काय, बुडापेस्टचा हा झोम्बोर घडीच्या खाटेवर पसरलेला! म्हटलं, "बाबा, ही माझी जागा." तर म्हणतो, "तुमच्या नावावर आहे का?" जागा नसेल रे मुडद्या, पण मका कुणाचा? माझा!

आता तुम्ही म्हणाल, एका माशासाठी म्हातारी एवढी का तापलीय. अहो, मासा अक्काला हवा होता! माझी थोरली बहीण आगोता, अकरा वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. का? काही नाही हो... नाताळच्या जेवणाला ताजा मिळावा म्हणून जिवंत मासा आधीच आणून न्हाणीतल्या टबात ठेवतात ना, सगळेच ठेवतात. मी फक्त अक्काला न सांगता तिच्या टबात ठेवला, आणि नेमका तिच्या लेकीचा होणारा सासरा हात धुवायला आत गेला. मासा उडाला, सासरा आडवा... एवढीशी गंमत! पण अक्कानं तोंड फिरवलं ते फिरवलंच. आणि गेल्या महिन्यात अचानक फोन, "दोन आठवड्यांनी रविवारी येते. आपल्या तळ्यातला, तुझ्या हातानं धरलेला मासा रश्श्यात घालून वाढ. विकतचा वाढलास तर परत तुझं तोंड बघणार नाही." आणि तिला कळतं हो, नुसत्या वासावरून कळतं!

मग काय करणार? बसले त्याच्या शेजारी, दहा पावलांवर. त्याच्या काठीला घंटी, विजेवरची! गळाला मासा लागला की टीं टीं टीं करणार, तोवर साहेब झोपणार. झोप म्हटलं. डोळा लागला की मी त्याच्या दोरीवर बारीकसा खडा मारायची. टीं टीं टीं! हा ताडकन उठणार, एकाच पायात चप्पल, काठीकडे धाव! "आजी, काय होतं?" "मोठा होता रे, गेला." सात वेळा उठवला! आठव्यांदा मात्र... शप्पथ सांगते, मी खडा मारलाच नव्हता, आणि घंटी वाजली.

चौदा किलो! कार्प कसला, डुक्कर होतं डुक्कर! तोंडातून दाणे गळतायत. मका कुणाचा? माझा!

आणि पुढं ऐका. यानं काय केलं, गादी अंथरली. माशाला! वरून पाणी शिंपडलं, ओठाला औषधाचे थेंब, "दुखलं का रे राजा?" अहो, माझा गुडघा सहा महिने ठणकतोय, मला कुणी विचारलं? मग मुका घेतला. माशाचा! आणि म्हणतो, "आता सोडतो." सोडतोस? "आजी, पाटी नाही वाचली? पाच किलोवरचा मासा परत पाण्यात सोडायचा." पाटी येते हो मला वाचता, चौथीपर्यंत गेलेय मी. पटत नाही, एवढंच!

मग मी आवाज केला एकदम मधासारखा, "बाळा, म्हातारीला एकदा हातात धरू दे रे, फोटो काढ." भोळं बिचारं! मासा दिला माझ्या कवेत, फोन घेऊन मागं सरकला, "आजी, हसा!" हसले... आणि पळत सुटले सायकलीकडे! चौदा किलोचा तो, शहात्तर वर्षांची मी. सहाव्या पावलाला त्यानं शेपटीनं माझ्या थोबाडीत अशी काही दिली की दोघं धबाक्कन तळ्यात! झोम्बोर धावत आला. मी हात वर केला, म्हटलं काढतोय मला. तर हा पाण्याकडे बघून रडवेला, "आजी, त्याचं औषध धुतलं गेलं हो!" आणि तो मासा माझ्या समोरून सावकाश गेला, भरल्या पोटानं. मका कुणाचा?... जाऊ दे.

रविवारी अक्का आली. लाल तिखटातले बटाटे वाढले. "मासा कुठंय?" सांगून टाकलं सगळं. म्हटलं, आता उठेल, कोट घालेल, झालं. तर चमचा खाली ठेवून मला विचारते, "थोबाडीत? शेपटीनं?" "हो." "कुठल्या गालावर?" "...डाव्या." अशी हसली, अशी हसली, खुर्चीवरून खाली! तीन वेळा सांगायला लावलं, उठून पळून दाखवायला लावलं, आणि म्हणाली, "फिटलं गं आपलं, एटेल्का." आता रोज फोन करते, "गाल कसा आहे?"

बहीण मिळाली, चांगलं झालं, माझं काही म्हणणं नाही... पण तुम्हीच सांगा, बहीण काय रश्श्यात घालता येते?